पाझर तलाव आणि पवित्र सप्ताह

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत मागील पिढ्यांचें गुणगान व्हावें हा रिवाज योग्यच आहे, आणि माझ्याआधीं बोललेल्या वक्त्यांनीं तें काम माझ्यापेक्षां पुष्कळ चांगलें केलें आहे. मला आपल्यापुढें एक मागणें मांडावयाचें आहे. येत्या पवित्र सप्ताहांत सोमवारीं, मंगळवारीं व बुधवारीं सकाळीं, आपल्या शेजारच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील बंधुभगिनींबरोबर एका जुन्या पाझर तलावांतील गाळ काढावयास आपण जावें, असें तें मागणें आहे. तें ऐकतांच कांहींच्या कपाळाला आठी पडली, हें मला येथूनहि दिसतें. म्हणून थोडें विस्तारानें बोलतों.

बारामती व इंदापूर हे तालुके दुरून पाहणाराला सगळे उसाचेच वाटतात. कारखान्यांच्या धुराड्या आणि उसाच्या गाड्या पाहून तसें वाटणें साहजिक आहे. परंतु नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला तो ज्यांच्या शिवारांतून गेला त्यांच्यासाठीं. आणि १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचें पाणी मिळालें तें भीमेच्या कांठाला. जेथें पाट पोंचला नाहीं तेथें आभाळाकडे पाहण्यावांचून गति नव्हती. पाऊस सह्याद्रीवर कोसळून रिकामा होतो आणि आपल्या माळरानावर ढगांची नुसती सावली पडते. बागायत आणि जिरायत यांच्यामधील ही सीमा आपल्यापैकीं कित्येकांच्या घरांतून, सोयरिकींतून गेलेली आहे. ती मीं समजावून सांगण्याची गरज नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ऑस्ट्रेलियांतील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या प्रॉटेस्टंट मंडळीचें मिशन बारामतीस आलें. पुढें १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत पावसानें वारंवार दगा दिला, तेव्हां ‘कासा’ या संस्थेकडून धान्याची मदत येऊं लागली. कासा म्हणजे ‘चर्चेस ऑग्झिलियरी फॉर सोशल अ‍ॅक्शन’. १९४७ सालीं फाळणीच्या निर्वासितांच्या सेवेंतून उभी राहिलेली, प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची ही संस्था. तिनें दिलेला मायलो, ज्याला आपले म्हातारे अजूनहि नाक मुरडून ‘मिलो’ म्हणतात, आणि खाद्यतेल फुकट वांटून टाकणें सोपें होतें. १९६७ सालीं प्रथम विधानसभेवर गेलेले श्री. शरद पवार व त्यांचे बंधु कै. आप्पासाहेब पवार यांनीं वेगळा आग्रह धरला: धान्य भिक्षा म्हणून न देतां मजुरी म्हणून द्यावें, आणि त्या मजुरींतून पाणी अडवावें. मिशनच्या मंडळींनीं तें मानलें. तांदुळवाडीस पहिला पाझर तलाव झाला. मग एकामागून एक होत गेले आणि त्यांची संख्या तीनशेच्या घरांत पोंचली. त्या कामांतूनच १९७१ सालीं बारामतीचा कृषि विकास ट्रस्ट उभा राहिला.

पाझर तलाव हें मोठें विनयशील बांधकाम आहे, असें मला नेहमीं वाटतें. ओढ्याला आडवा मातीचा बांध घालावयाचा, त्याच्या पोटांत काळ्या चिकण मातीचा गाभा, पाण्याच्या बाजूला दगडांची पिचिंग, आणि जादा पाणी निघून जाण्यास सांडवा. त्याला दार नाहीं, पाट नाहीं. दोनतीन महिन्यांत त्यांतलें पाणी मुरमांत मुरून जातें. परका माणूस म्हणेल कीं तलाव आटला, काम फुकट गेलें. पण खालच्या अंगाच्या विहिरींना त्याच वेळीं पाणी वाढलेलें असतें. विहीर ज्याची आहे त्याला तें पाणी कोणत्या बांधाचें, हें सांगतांहि येत नाहीं. मात्र पावसाबरोबर वाहून आलेली बारीक माती वर्षानुवर्षें तळाशीं बसते, तिचा थर घट्ट होतो, आणि मग पाणी दिसतें पण मुरत नाहीं. उन्हांत वाफ होऊन जातें. चैत्रांत तलाव कोरडा पडतो, तेव्हांच हा थर काढतां येतो. तो शेतांत पसरला तर जमीनहि सुधारते. शासनानें २०१७ सालापासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नांवानें हेंच काम चालविलें आहे. आणि चैत्रांतच बहुधा आपला पवित्र सप्ताह येतो.

आतां आक्षेपांकडे वळूं. ‘आमच्या आजोबांना तर त्यांच्या देवळाच्या पायरीवर चढूं देत नसत,’ असें एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले. खरें आहे. १९१७ च्या धर्मविधानांत इतर मंडळ्यांच्या उपासनेंत भाग घेण्यास मनाई होती, आणि आजोबांनीं ती पाळली यांत त्यांची निष्ठा होती. तिला हंसणें आपल्याला शोभत नाहीं. परंतु त्याच पवित्र सभेनें २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेंत, ख्रिस्तैक्याविषयीं आज्ञापत्र काढलें. त्याच्या बाराव्या कलमांत दुष्काळ, आपत्ति, निरक्षरता, दारिद्र्य, घरांची टंचाई यांशीं झुंजतांना सर्व ख्रिस्ती लोकांनीं एकमेकांचे हात धरावे असा उपदेश आहे. तेव्हां आजोबांनीं ज्या आज्ञाधारकपणानें पायरी टाळली, त्याच आज्ञाधारकपणानें नातवांनीं फावडें उचलावयाचें आहे. मिस्साबलिदानाची मेजवानी अद्याप एक नाहीं, हें दुःख आहेच. गाळ काढल्यानें तें मिटणार नाहीं, आणि मिटलें असें आपण भासवूंहि नये. गुरुवारच्या सायंकाळपासून ते आपल्या देवळांत, आपण आपल्या देवळांत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा सप्ताह प्रभूच्या दुःखसहनाच्या मननाचा. त्यांत टिकाव-घमेलीं कशाला? मी म्हणतों, शुभवर्तमान उघडून त्या आठवड्यांत हातांनीं काम कोणीं केलें हें पाहा. क्रूस उचलला तो कुरेनेच्या शिमोनानें. तो शेतावरून येणारा वाटसरू, बारा प्रेषितांपैकीं नव्हे. प्रभूचें शरीर मागून आणलें अरिमथाईच्या योसेफानें. आणि शंभरेक मापें गंधरस व अगरू घेऊन आला तो निकदेम, जो पूर्वीं रात्रीं भेटावयास आला होता. सुगंधी द्रव्यें घेऊन पहांटे निघाल्या त्या स्त्रिया. बारांपैकीं एक योहान तेवढा क्रुसापाशीं उभा होता. बाकीचे कोठें होते हें मीं सांगावयास नको. जवळच्यांनीं पाठ फिरविली तेव्हां सेवा दूरच्यांनीं केली. जिरायत भागांतल्या ज्या दुष्काळी गांवांत आपलीं कांहीं कुटुंबें राहात होतीं, तेथें मिलोची गोणी घेऊन आले तेहि आपल्या मंडळीचे नव्हते. आणि ईस्टरच्या जागरणांत धर्मगुरु जें पाणी आशीर्वादितात, ज्यानें आपल्या लेकरांचा बाप्तिस्मा होतो, तें अशा गांवांत कोणाच्या तलावामुळें विहिरींत आलें, याचा हिशेब कोण लावणार?

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं, पण बाजारांत माझ्या कानांवर आला: ‘श्रेय कोणाला?’ आषाढी वारीला तुकोबांची पालखी बारामतीवरून, निमगांव केतकीवरून, इंदापुराकडे जाते. वाटेवर रांजण भरून ठेवणाराला वारकरी त्याचें कुलगोत्र विचारीत नाहीं, पाणी पितो आणि पुढें जातो. एवढें तरी आपण शेजाऱ्यांकडून शिकावें. तलावावर कोणत्याहि देवळाच्या नांवाची पाटी लागणार नाहीं, असें दोन्ही बाजूंनीं ठरलें आहे. फोटोंविषयीं तरुणांशीं माझा थोडा वाद झाला. तो त्यांनींच आपसांत मिटवावा.

आतां व्यवस्थेविषयीं. सकाळीं सहाला सुरुवात, ऊन चढण्यापूर्वीं म्हणजे दहाला काम बंद. घमेलीं, टिकाव, फावडीं ज्याचीं त्यानें आणावीं आणि त्यांवर खूण करून ठेवावी, म्हणजे परततांना तंटा नको. ट्रॅक्टर व ट्रॉली ज्यांच्याकडे आहेत त्यांनीं आज सभा संपल्यावर फादरांकडे नांव द्यावें. डिझेलचा खर्च उपवासकाळाच्या दानपेटींतून करण्यास त्यांनीं संमति दिली आहे. गाळ प्रथम त्या शेतकऱ्यांच्या रानांत जाईल ज्यांना विहीर नाहीं, मग ते कोणत्याहि धर्माचे असोत. भाकरी प्रॉटेस्टंट मंडळीच्या भगिनी आणणार आहेत, पिठलें आपल्याकडून. बुधवारीं मात्र कोणीहि उशिरापर्यंत थांबूं नये. गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीसाठीं देऊळ झाडून घ्यावयाचें आहे.