नरक्याचे मोल

पौडवरून मुळशीचे धरण मागे टाकून ताम्हिणीकडे निघालात, तर पावसाळ्यात एखाद्या वळणावर उग्र, नकोसा वास येतो. शोधले तर फांद्यांच्या टोकांशी मोठ्या पानांचे झुबके आणि पिवळट पांढऱ्या फुलांचे गुच्छ असलेले एक बेताच्या उंचीचे झाड सापडते. हा नरक्या. काही जण त्याला अमृताही म्हणतात. एकाच झाडाला नरक आणि अमृत! दोन्ही नावे त्याला शोभतात.

१९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे काढले. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५चा. पुढे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात सापडले. पेशींची वाढ रोखणारे हे द्रव्य मूळ स्वरूपात रुग्णाला फार त्रासदायक ठरले. पण त्यात बदल करून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ती आजही दिली जातात.

आणि इथेच नरक्याचे ग्रह फिरले. शंभर किलो सुक्या लाकडात हे द्रव्य साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे थोड्या औषधासाठी ढीगभर लाकूड. पानांपेक्षा साल आणि मुळे अधिक कसदार, त्यामुळे कुऱ्हाड बुंध्यावर थांबली नाही, कुदळही आली. भीमाशंकर, महाबळेश्वर, आंबोली, सगळीकडे चोरटी तोड झाली, लाकूड परदेशी गेले. रानातून मोळी आणणाऱ्याच्या हाती त्यातले काय पडले असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. पकडला मात्र बहुधा तोच जातो.

पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी नरक्याच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यात हे द्रव्य तयार होते का, ते पाहिले; त्यांचा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग मोलाचा, पण काचपात्रातून रान उभे राहत नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थ्यांना तोडलेली खोडे मोजायला लावतो. बुंधा जमिनीलगत शाबूत असेल तर नरक्याला पुन्हा फूट येते. मुळासकट उपटला तर काहीच उरत नाही. दुसरी अडचण अशी की नरक्यात बहुतेक नर आणि मादी झाडे वेगळी असतात. दोन्ही फुले एकाच झाडावर क्वचितच. उतारावर नुसती नर झाडे उरली, तर रान हिरवे दिसेल, पण जांभळी फळे धरणार नाहीत. म्हणून केवळ रोपे लावण्याचे समारंभ मला पुरेसे वाटत नाहीत. फळे धरणाऱ्या मादी झाडांवर खूण करून, गावकऱ्यांच्या देखरेखीखाली ती आधी राखायला हवीत. औषधासाठी लाकूड लागणारच असेल, तर ते बांधावर लावलेल्या नरक्याचे, जमिनीपासून हातभर वर कापलेले घ्यावे, आणि त्याचा दाम लावणाऱ्याला मिळावा.