फुकटचे टपाल



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांतून अधिक झाले. म्हणून 'फुकट' हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. मालकाने चहा फुकट केला, तर जेवणाच्या सुट्टीतली मिनिटे कापली गेली नाहीत ना, हे आम्ही आधी पाहतो. त्याच नजरेने आज फुकटच्या ईमेलकडे पाहू.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात इंटरनेट लोकांना खुले केले. त्या काळी ईमेलचा पत्ता मिळे तो कचेरीकडून, नाहीतर जोडणीचे पैसे भरून. अमेरिकेत नोकरी करणारे सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांची अडचण आपल्या ओळखीची होती : स्वतःच्या धंद्याची बोलणी कचेरीच्या टपालातून केली, तर ती मालकाच्या डोळ्यांखालून जाणार! त्यातून कोणत्याही संगणकावर उघडणारी टपालपेटी सुचली. ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू झाले. वेबची पाने ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात, त्याची चारही अक्षरे त्या नावात बसवली होती.

आता खरी मेख ऐका. प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ आपोआप उमटे : तुम्हीही हॉटमेलवर फुकट पेटी उघडा. आईला खुशाली कळवा की कर्जाची विनवणी करा, पत्राबरोबर दुकानाची पाटीही जायची. दीड वर्षात ग्राहक ८५ लाखांच्या घरात गेले, आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने सुमारे ४० कोटी डॉलर मोजून हॉटमेल घेतले. पाटी वाहणाऱ्यांना मजुरी किती मिळाली? शून्य.

आपल्या मुंबईतही रेडिफमेल निघाले. रेडिफ काढणारे अजित बालकृष्णन हे रेडिफ्यूजन या जाहिरातसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. टपाल आणि जाहिरात यांचे नाते इथे नावातच दिसते. पुढे १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले. इतरांकडे दोन-चार मेगाबाइट जागा, तर इथे एक गिगाबाइट! पण यंत्र पत्रातले शब्द चाळून शेजारी जाहिरात लावी. जाहिरातींसाठीची ही चाळणी थांबवत असल्याचे गूगलने २०१७ साली जाहीर केले. हॉटमेलची पाटी मात्र २०१२ पासून उतरू लागली आणि तिथे आउटलुक आले. जुने पत्ते चालू ठेवले, ही धन्याची मर्जी.

मर्जी फिरली म्हणजे काय होते, हे आम्ही सोसले आहे. आमच्या युनियनची फुकट पेटी होती. एका लांबलेल्या संपात तिच्याकडे कित्येक महिने कोणी फिरकले नाही. पुढे उघडली तर रिकामी! थकलेल्या पगाराचा सारा पत्रव्यवहार गेला. कंपनीकडे दाद मागायला गेलो, तर अटींवर मान्यता आम्हीच दिलेली. ती चूक आमची. पण त्या पगाराची वाट पाहणाऱ्या घरांना आम्ही काय तोंड दाखवावे?

म्हणून वाटूरच्या तरुणांना सांगणे एवढेच. ही सोय सोडू नका. गरिबाच्या पोराचा नोकरीचा अर्ज तिच्यामुळे पैसा न खर्चता जगभर पोचतो. पण पासवर्ड दुकानदाराच्या वहीत ठेवू नका, पेटी अधूनमधून उघडा, आणि महत्त्वाच्या पत्राची कागदी प्रत घरच्या पेटीत जपा. त्या पेटीला कुलूप आपले आहे.