आपल्या पायांनी अलिबाग
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



काहीतरी उपयोगाचे बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा आहे. म्हणून आपल्या मुंबईहून अलिबागला मोटारीवाचून कसे जावे आणि तेथे कसे फिरावे, एवढेच मी सांगणार आहे.

विषय लहान वाटेल. परंतु आपल्यात सहलीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो, "गाडी कोणाची?" मग कोणाच्या मुलाला सुटी नसते, कोणाच्या यजमानांना आता एवढे लांब चालवणे झेपत नाही, आणि सहल पुढल्या वर्षावर जाते. आपल्या बोलण्यातही पाहा. "मुलगा मला नेणार आहे" असे आपण सहज म्हणतो. "मी जाणार आहे" असे क्वचितच. मला हे वाक्य बदलायचे आहे.

आम्ही सहाजणी गेलो होतो. सर्वांत वडील अक्कांनी अडुसष्टी ओलांडलेली. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तासाभरात मांडवा येते. हिवाळ्यात पांढरे समुद्रपक्षी बोटीबरोबर उडत असतात, त्यामुळे वेळ कसा जातो कळत नाही. मांडव्याहून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर. बहुतेक लाँचवाल्यांच्या तिकिटातच पुढची बस धरलेली असते. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. तेव्हा पनवेलहून एस. टी. आहेच. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटही सुरू झाली आहे. तीत मोटारी जातात, तशी आपली सायकलही जाते.

उतरायची जागा मात्र विचाराने निवडावी. एस. टी. स्थानक, बाजार आणि समुद्र या तिन्हींपासून पायी जाता येईल अशीच खोली घ्यावी. कितीही वेळा परत येऊन पाठ टेकता येते आणि स्वच्छतागृहाची काळजी राहत नाही. बायकांच्या सहली याच एका काळजीपायी मोडतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ते उघडपणे बोलायला हरकत नाही.

गाव पायांनी पाहण्याजोगेच आहे. कान्होजी आंगऱ्यांची समाधी गावातच आहे. जवळच चुंबकीय वेधशाळा आहे. ही मूळची मुंबईच्या कुलाब्याची. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या विजेने तेथल्या नाजूक चुंबकसूच्या बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती येथे आणली. वाहनांपासून दूर शांतपणे काम करावे म्हणून शास्त्रज्ञांनी जे गाव निवडले, तेथे आपण मोटार घेऊन जावे काय!

आता कुलाबा किल्ला. शिवाजीमहाराजांनी १६८० च्या सुमारास तो बांधायला घेतला, आणि पुढे तो आंगऱ्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. आत १७५९ मध्ये बांधलेले गणपतीचे देऊळ आहे, आणि चहूकडे खारे पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे. ओहोटीला तेथे चालत जाता येते. येथे मोटारवाला आणि पायी आलेला सारखेच. दोघांनाही समुद्राची वाट पाहावी लागते.

ती वेळ काढायला आपले पंचांग पुरते. शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. तीत सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे चतुर्थीला भरती तीनला आणि ओहोटी नऊला. अष्टमीच्या सुमारास पाणी फारसे हटत नाही, म्हणून ते दिवस टाळावेत. मात्र नुसत्या हिशोबावर विसंबू नये. किनाऱ्यावरच्या माणसांना विचारूनच पाण्यात पाऊल टाकावे, आणि भरतीचे पाणी चढू लागण्यापूर्वी परतावे. गुडघे दुखत असतील तर ओहोटीत घोडागाडीही मिळते.

गावाबाहेर सायकल चांगली. भाड्याची मिळेल का, हे खोली ठरवतानाच विचारून ठेवावे. उत्तरेला वरसोली दोन किलोमीटर; सराव नसेल तिने तेथवरच जावे. दक्षिणेला अक्षी सुमारे पाच, त्यापुढे नागाव. अक्षीला जुन्या मराठीतला शिलालेख आहे. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा मानतात. आपण आज बोलतो ती भाषा हजार वर्षांपूर्वी त्या दगडावर कोरली, आणि मोटारी त्या गावातून एका मिनिटात पार होतात! सायकलवरून उतरावे, जवळ जावे, हात जोडावेत. ओढणी किंवा पदर तेवढा नीट खोचून घ्यावा. ज्यांना सायकल येत नाही त्यांना सहा आसनी रिक्षा आहेत. आमच्यातल्या तिघी तशाच आल्या, आणि नागावच्या वाडीत आम्ही सगळ्या एकत्र जेवलो.

हे रस्ते नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारे, अरुंद. शनिवार-रविवारी तेथे मोटारींच्या रांगा लागतात, आणि गावच्या मुलांना व म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडणे कठीण होते. वाडीची सावली आणि शांतता अनुभवायला आपण जातो. ती आपल्याच धुराने घालवायची, हे पाहुण्याला शोभत नाही. पायी हिंडणाऱ्या बाईशी गाव बोलतेही. पांढऱ्या कांद्याची माळ विकणाऱ्या बाईने कांदा कसा टिकवावा हे आम्हाला सविस्तर सांगितले. काच वर करून जाणाऱ्याला ते कोण सांगणार?

शेवटी एक सूचना मांडते. दिवाळीनंतरच्या एखाद्या संकष्टीला मंडळाने अलिबागला जावे. आदल्या दिवशी निघावे, दोन रात्री राहावे. चतुर्थी म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी, किल्ल्यात गणपती, आणि उपास असला तरी साबुदाण्याची खिचडी बरोबर नेता येते. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. गाडी कोणाची, हे त्या विचारणार नाहीत. घरी मात्र "मला नेणार आहेत" असे न सांगता, "मी जाणार आहे" असे सांगून यावे.