भरतमुनि आणि आपला बोलपट



मुलगा चित्रपट पाहून घरीं येतो. आई विचारते, "कसा होता?" तो सांगतो, "बरा होता." एवढ्यावर विषय संपतो. त्याच मुलाला शाळेंत नऊ रसांचीं नांवें क्रमानें म्हणावयास सांगितलीं, तर तो तीं बिनचूक म्हणून दाखवितो. आमच्या लातूरचे विद्यार्थी तर परीक्षेच्या तयारीबद्दल साऱ्या महाराष्ट्रांत नांवाजलेले आहेत. परंतु काल पाहिलेला चित्रपट आणि आज म्हटलेले नऊ रस यांचा कांहीं आपसांत संबंध असेल, अशी शंका ना विद्यार्थ्याच्या मनांत येते, ना मास्तरांच्या. या दोहोंची गांठ घालून द्यावी, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतु आहे.

मी विद्यापीठांतला पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मराठी शिकविण्यांत हयात घालविलेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. तरीहि या विषयावर बोलण्याचें धैर्य होतें, याचें कारण आमच्या नांदेडलाच त्याची परंपरा आहे. नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) हे येथील पीपल्स कॉलेजांत होते. 'रूपवेध' आणि 'रंगशाळा' हीं त्यांचीं पुस्तकें ज्यांनीं वाचलीं असतील, त्यांना ठाऊक आहे कीं जुन्या ग्रंथापुढें हात जोडून उभें राहण्यापेक्षां त्याला प्रश्न विचारणें या गृहस्थांना अधिक पसंत होतें. तीच वाट धरून पाहूं.

भरताचें नाट्यशास्त्र हा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा ग्रंथ. त्याचें नांव काढलें कीं आपल्याला वाटतें, हें सोंवळ्यांत ठेवण्याचें प्रकरण असावें. ग्रंथ उघडला म्हणजे निराळेंच दिसतें. मध्यम आकाराचें नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावें, खांब कोठें रोवावे, नटानें तोंडाला रंग कोणता लावावा, भुंवया किती प्रकारांनीं हलवाव्या, याचा त्यांत बारीक हिशेब आहे. लिहिणाऱ्यानें पुष्कळ नाटकें डोळ्यांनीं पाहिलीं होतीं, हें पानोपानीं जाणवतें. आधीं खेळ आणि मागाहून शास्त्र, असा हा क्रम आहे. शिवाय वेद ऐकण्याची ज्यांना मनाई होती त्यांच्यासह सर्व वर्णांसाठीं हा पांचवा वेद निर्माण झाला, असें पहिल्याच अध्यायांत सांगितलें आहे. पहिला प्रयोग झाला तेव्हां त्यांत आपला पराभव दाखविला म्हणून दैत्य चिडले आणि त्यांनीं नटांची वाचाच बंद पाडली, अशीहि कथा तेथें आहे. चित्रपटानें आमच्या भावना दुखावल्या, ही तक्रार किती प्राचीन आहे पाहा! सारांश, हें शास्त्र गर्दीच्या खेळासाठींच जन्मलें. तें बोलपटाला लावणें म्हणजे देव्हाऱ्यांतली समई नेऊन तबेल्यांत लावण्यासारखें नाहीं.

आतां या ग्रंथाचा सत्ताविसावा अध्याय घेऊं. खेळ यशस्वी झाला हें कशावरून ओळखावें, याचा विचार तेथें आहे. भरतानें या यशाला सिद्धि म्हटलें असून तिचे दोन प्रकार केले आहेत. प्रेक्षक गालांत हंसले, मोठ्यानें हंसले, "वाहवा" म्हणाले, हळहळले, अंगावर रोमांच उभे राहिले, जागेवरून उठले, अंगावरचीं वस्त्रें त्यांनीं बक्षीस म्हणून देऊन टाकलीं, कीं ती मानुषी सिद्धि. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत तमाशाच्या फडावर होणारी दौलतजादा आणि चित्रपटगृहांतली शिट्टी हीं याच कुळांतलीं. दुसरी दैवी सिद्धि. रंगगृह भरलेलें आहे, आणि तरीहि आवाज नाहीं, खळबळ नाहीं, कसलाहि उत्पात नाहीं, अशा वेळीं ती झाली असें समजावें.

हें वाचतांना मला नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' या चित्रपटाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. २९ एप्रिल २०१६ रोजीं तो प्रदर्शित झाला आणि मराठी चित्रपटाला पूर्वीं कधीं न मिळालेलें उत्पन्न त्यानें मिळविलें. त्याच्या पूर्वार्धांत अजय-अतुल यांच्या गाण्यावर प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचले. शेवटीं मात्र पडद्यावरचा आवाजच काढून घेतलेला आहे. लहान मूल आंत येतें, आईबापांना पाहतें आणि तांबड्या पावलांचे ठसे उमटवीत बाहेर जातें. मघाशीं नाचणारेंच प्रेक्षागृह त्या वेळीं निःशब्द होतें. एकाच खेळांत मानुषी सिद्धि आणि तिच्या पाठोपाठ दैवी सिद्धि!

ही शांतता कशानें आली, हें शास्त्राच्या मदतीनें सांगतां येतें. वियोगाच्या शृंगारांत पुनर्भेटीची आशा शिल्लक असते आणि करुणांत ती उरत नाहीं, असा भेद भरतानें केला आहे. 'शाकुंतला'त दुर्वासाच्या शापामुळें वियोग होतो. परंतु अंगठी दिसली कीं शाप सुटेल, अशी सोय शापांतच आहे, म्हणून आपण आशेवर असतों. 'सैराट'मधील आर्ची आणि परश्या गांव सोडून हैदराबादेस जातात, कष्ट करतात, संसार मांडतात. त्यांच्याबरोबर आपलीहि आशा हळूहळू घर बांधते. माहेरचीं माणसें भेटीच्या वस्तु घेऊन दारीं येतात, तेव्हां ती कळसाला पोंचते. आणि तेथेंच ती तोडली जाते. पूर्वार्धांतलें नाचगाणें हें गल्ला भरण्यासाठीं लावलेलें ठिगळ आहे, असें ज्यांना वाटतें त्यांनीं हा भेद ध्यानांत घ्यावा. तो आनंद तितका खरा नसता, तर शेवटची शांतता इतकी जड झाली नसती.

येथवर शास्त्रानें चित्रपट तपासला. आतां चित्रपटाला शास्त्र तपासूं द्यावें. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकाच्या आरंभीं एक कोळी येतो. हरवलेली अंगठी माशाच्या पोटांत त्यालाच सांपडलेली असते. राजाचे शिपाई त्याला बांधून आणतात आणि त्याच्या धंद्याची थट्टा करतात. तो बिचारा संस्कृत बोलत नाहीं, प्राकृत बोलतो. नाटकांतल्या कोणत्या माणसानें कोणती भाषा बोलावी, हें शास्त्रानेंच पायरीप्रमाणें ठरवून दिलें होतें. हास्याचे सहा प्रकारहि भरतानें तसेच वांटले : स्मित आणि हसित उत्तम माणसांचें, विहसित आणि उपहसित मध्यमांचें, अपहसित आणि अतिहसित अधमांचें. 'सैराट'मध्यें मासे धरणाऱ्याचा मुलगा नायक आहे, आणि पाटलाच्या मुलीच्या तोंडीं तीच गांवची बोली आहे. ज्याला कालिदासानें क्षणभर हंसण्यासाठीं रंगभूमीवर आणलें, त्याच्या वंशजासाठीं आज सारें प्रेक्षागृह मूक होतें. येथें शास्त्राची पायरी मोडली आणि रस मात्र उणा झाला नाहीं. म्हणजे रसाचा विचार टिकाऊ, पायरीचा विचार टाकाऊ, हा निवाडा एका लोकप्रिय चित्रपटानें करून दिला.

भाषेची ही गोष्ट आम्हां नांदेड-लातूरकडच्या लोकांच्या जिव्हाळ्याची आहे. "काय करूलालास?" असें आमच्या घरांत आई मुलाला विचारते. त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु हेंच वाक्य पडद्यावर गडी किंवा हवालदार बोलला कीं पुढचा विनोद येण्यापूर्वींच हंशा पिकतो. आमचीं मुलें त्या हंशांत सामील होतात, आणि पुढें पुण्यास शिकावयास गेलीं म्हणजे तोंड उघडण्यापूर्वीं शब्द तपासून पाहतात. हें नुकसान कोणत्याहि गुणपत्रिकेवर दिसत नाहीं.

याच्या उलट लक्ष्मण देशपांडे (१९४३-२००९) यांचें 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पाहा. औरंगाबादच्या विद्यापीठांत नाट्यशास्त्र शिकविणाऱ्या या प्राध्यापकानें १९७९ पासून एकट्यानें बावन्न पात्रें उभीं केलीं. आमच्याच मुलखांतलें वऱ्हाड, आमचीच बोली. लोक पोट धरधरून हंसले. पण कशाला? भरतानें हास्याचीं कारणें दिलीं आहेत त्यांत विचित्र वेष आहे, धिटाई आहे, हांव आहे, असंबद्ध बडबड आहे, शारीरिक व्यंगहि आहे. 'वऱ्हाडा'त पुढाऱ्याचा तोरा, मानापमानाचे रुसवे आणि प्रवासांतली तारांबळ यांना आपण हंसतों. जवळ जवळ सारेच एका बोलींत बोलूं लागले म्हणजे बोली हा विनोदाचा विषय उरत नाहीं. माणसाचा स्वभाव उरतो. दोन्हीं ठिकाणीं बोली एकच आणि हंशाहि एकच. एका ठिकाणीं हांव आणि धिटाई हास्याचें कारण झालीं, दुसऱ्या ठिकाणीं आमचा जन्म व्यंगाच्या जागीं बसविला गेला. हा फरक कानाला कळत नाहीं. तो कळण्यासाठीं शास्त्र हवें.

शास्त्र म्हणजे मोहोर उठविण्याचा शिक्का, अशी समजूत मात्र होऊं देऊं नये. अमुक प्रसंगांत वीर, तमुक प्रसंगांत बीभत्स, अशा चिठ्ठ्या चिकटवून कोणाचेंच भलें झालेलें नाहीं. भरतानें तर प्रयोग पारखण्यासाठीं निरनिराळे जाणकार नेमावयास सांगितलें : धनुर्विद्येसाठीं धनुर्धर, रंगासाठीं चित्रकार, शृंगाराच्या अभिनयासाठीं गणिका. तरुणाला प्रेम आवडावें, शूराला युद्ध आणि वृद्धाला पुराणकथा, हेंहि त्यानें मान्य केलें आहे. इतका उदार न्यायाधीश आपल्याला आयता मिळाला असतां, आपण "बरा होता" किंवा "भिकार होता" एवढ्या दोनच निकालांवर कां थांबावें?

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पुढच्या वेळीं घरांतलीं मुलें चित्रपट किंवा नाटक पाहून आलीं, कीं त्यांना तीन प्रश्न विचारावे. प्रेक्षागृह कोठें गजबजलें आणि कोठें गप्प झालें? तुम्ही कोणाला हंसलां, त्याच्या वागण्याला कीं त्याच्या जन्माला? आणि डोळ्यांत पाणी आलें तेव्हां त्याआधीं तुमच्या मनांत कोणती आशा रुजविली गेली होती? पहिला प्रश्न सिद्धीचा, दुसरा हास्याचा आणि तिसरा करुणाचा. मुलांनीं ग्रंथांतला एकहि शब्द उच्चारला नाहीं तरी चालेल. उत्तर देतां देतां रस हा परीक्षेपुरता नाहीं, तो आपल्याच अंगावर उठणारा कांटा आहे, हें त्यांचें त्यांना उमजेल. तसेंच आपण ज्या बोलींत लहानाचे मोठे झालों तिला कोणी हंशासाठीं वापरलें, तर तें ओळखण्याचें भानहि त्यांना येईल.