दहावीनंतरचे विषय आणि घरातील मोठी माणसे

कोल्हापूरहून हुपरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गडमुडशिंगी हे गाव लागते. एका अंगाला विमानतळ, थोड्या अंतरावर गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि भोवती उसाची शेते. दहावीचा निकाल लागला की या गावातल्या घरोघरी, आणि तशाच शहरांतल्या बिऱ्हाडांतूनही, एकाच प्रश्नाचा ऊहापोह चालतो : पोराला कोणत्या साईडला घालायचे? प्रश्नाचे हे व्याकरणच पाहण्यासारखे आहे. येथे घालणारे कर्ते वडील असतात, मामा असतात, क्वचित शेजारचे इंजिनिअरही असतात. ज्याला पुढील दोन वर्षे त्या विषयांच्या सहवासात काढावयाची, तो मात्र वाक्यात कर्म होऊन बसतो.

अशा एका घराची कल्पना करावी. वडील फौंड्रीत कामाला, मुलगी मराठी माध्यमात शिकलेली. एकूण गुण चांगले, पण गणितात ते घसरलेले. वडिलांचा आग्रह सायन्सचा. मुलगी म्हणते, काहीही द्या, गणित देऊ नका. दोघांचे भांडण जुंपते, आणि वस्तुतः दोघेही निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत असतात. वडील बोलतात ते पोटापाण्याविषयी, मुलगी बोलते ती भीतीविषयी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच नुसत्या आवाज चढविण्याने त्यांचा निकाल लागत नाही.

प्रथम त्या भीतीचे मूळ शोधावे. दहावीच्या गणिताच्या दोन उत्तरपत्रिका असतात, बीजगणिताची ४० गुणांची व भूमितीची ४० गुणांची. उरलेले २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. गुणपत्रिकेवर मात्र या सर्वांची बेरीज तेवढी येते. प्रमेयांच्या सिद्धता पाठ करून कंटाळलेली मुलगी समीकरणे चटकन सोडवीत असेल, तर ‘तिला गणित येत नाही’ हे विधान अर्धेच खरे. कोणत्या भागात ती अडते, हे तिच्या शिक्षकांना ठाऊक असते. पेढे घेऊन शाळेत जाणाऱ्या पालकांनी हा एक प्रश्न तेथे विचारला, तर पेढ्यांचे सार्थक होईल.

गणित सोडल्याने कोणती दारे बंद होतात, हे तिला स्पष्ट सांगितले पाहिजे. अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र या दोन्हींना बारावीचे गणित लागते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला ते लागत नाही. तेथे पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र पुरे. औषधनिर्माणशास्त्र आणि शेतकी यांना गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. वाणिज्य शाखेत गणित घ्यावयाचे की चिटणिसाची कार्यपद्धती, हा विद्यार्थ्याच्या मर्जीचा भाग आहे. सायन्समधून बारावी झालेल्यास पुढे कला वा वाणिज्याकडे वळता येते; कला शाखेतून मात्र सायन्सकडे परत येण्याची वाट जवळजवळ नाही. एवढ्यावरून सर्वांनीच सायन्सला जावे असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आढळतात. न आवडणाऱ्या खोलीत दोन वर्षे कोंडून घ्यावयाचे, ते केवळ तिला दारे अधिक आहेत म्हणून, हा हिशेब विचित्रच नव्हे काय?

तथापि नुसत्या धास्तीने गणिताला रजा देणे हेही योग्य नव्हे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे बालपण याच परिसरात, कागल व कोल्हापूर येथे गेले. १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले, काही काळ येथील राजाराम कॉलेजात शिकले व १८८४ मध्ये मुंबईहून बी. ए. झाले. पुण्यास शिक्षक असताना त्यांनी शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. फर्ग्युसनमध्ये गणिताबरोबरच इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले. १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना सरकारी शिलकेच्या आकड्यांतूनच त्यांनी रयतेवरील करांचा बोजा दाखवून दिला. देशकार्यात अंकगणित उपयोगी पडेल, असे सांगणारा ज्योतिषी त्या काळी कागलात खचित नसावा!

याच्या उलट बाजूचे उदाहरण अधिक बोचणारे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना शाळेत असताना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून त्यांना ते नाकारण्यात आले आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृताचा अभ्यास केला हे खरे. परंतु त्या पराक्रमामुळे आधीचा अन्याय लहान ठरत नाही. आज जातीवरून कोणालाही विषय नाकारता येत नाही. पण ‘मुलीच्या जातीला हे झेपायचे नाही’, ‘आपल्या घराण्यात कोणी आर्टसला गेले नाही’ ही वाक्ये ऐकू येतात, तेव्हा दार लावणारा हात घरचाच असतो, एवढाच फरक.

आता ज्या अडचणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही ती. मराठी माध्यमातून आलेल्या मुलास अकरावी सायन्समध्ये सर्व शास्त्रविषय एकाएकी इंग्रजीतून शिकावे लागतात. कालपर्यंत ‘वेग’, ‘त्वरण’, ‘संवेग’ म्हणून ओळखीचे असलेले शब्द नवे कपडे घालून समोर उभे राहतात, आणि ओळख पटेपर्यंत पहिली सहामाही उलटून जाते. पुष्कळ मुलांचे ‘सायन्स जमत नाही’ हे वस्तुतः इंग्रजी न जमणे असते. यावर एक साधा उपाय आहे. बालभारतीची अकरावीची पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. निकालापूर्वीच्या सुटीत पदार्थविज्ञानाचा एक धडा आणि भूगोलाचा किंवा अर्थशास्त्राचा एक धडा मुलीच्या हाती द्यावा. आठ दिवसांनी तिची परीक्षा घेऊ नये. कोणते पुस्तक तिने न सांगता पुन्हा उघडले, एवढेच पाहावे. वडिलांनीही त्यातील दोन पाने वाचावीत. आपण मुलीला कशाचा आग्रह करीत आहो, हे त्यांना निदान कळेल.

असे केल्यावर कदाचित उघड होईल की मुलीला भूगोल मनापासून आवडतो. सायन्समध्येही जीवशास्त्र सोडून भूगोल घेण्याची मुभा आहे; मात्र तो विषय त्या महाविद्यालयात शिकविला जातो की नाही, हे आधी विचारून घ्यावे. कदाचित उलटही होईल आणि ती स्वतःच गणिताचे पुस्तक पुढे ओढील. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेऊन पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाण्याचाही मार्ग आहे. फौंड्रीत काम करणाऱ्या बापाला तो सांगावा लागत नाही, पण मुलीसाठी तो त्याला सुचत नाही.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. अर्जात शाखा व महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने भरावी लागतात, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तेथेच प्रवेश घ्यावा लागतो. तेव्हा तो पहिला क्रमांक भरताना संगणकासमोरच्या खुर्चीवर मुलीने बसावे, आणि वडिलांनी शेजारी स्टूल ओढून घ्यावे.