चित्रातला घोडा आणि लाकडी विमान



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींचा विषय पदार्थविज्ञान होता, माझा साहित्यशास्त्र. दोहोंच्या सीमेवरचा एक विषय आज मी घेतला आहे : पंख्याच्या छोट्या विमानाची हुबेहूब नक्कल.

नाट्यशास्त्राचा भाष्यकार श्रीशंकुक याने नटाच्या अनुकरणाला चित्रातल्या घोड्याची उपमा दिली. चित्र पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. ते ज्ञान धड खरेही नव्हे आणि खोटेही नव्हे. अभिनवगुप्तांनी हे मत खोडून काढले, तो वाद आज बाजूला ठेवू. पण ज्याला घोड्यावर बसायलाच शिकायचे आहे, त्याला हे चित्र कितपत उपयोगी? चित्रातला घोडा कोणाला पाडत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. संगीत नाटकांमुळे ऑर्गनचा भाता आपल्याला परका नाही. त्याच भात्यांवर लिंकने आखूड पंखांचे एक लाकडी विमान बसविले आणि 1929 साली पेटंटसाठी अर्ज केला. दांडा हलवावा, तसे भाते फुगत-आकसत आणि पेटी कलत असे, वळत असे. प्रारंभी तिला गिऱ्हाईक मिळाले ते मुख्यतः करमणुकीच्या बागांतून! 1934 साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम पडले. हिवाळी हवेत, रात्रीच्या अंधारात थोड्याच आठवड्यांत दहाहून अधिक वैमानिक दगावले. त्यानंतर लष्कराने अशा सहा पेट्या विकत घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिक तिच्यात बसून शिकले.

या पेटीचे झाकण लावले की बाहेरचे काहीच दिसत नसे. समोर केवळ उपकरणे. मग ती हुबेहूब कशी? ढगात शिरलेल्या वैमानिकाचा खरा शत्रू त्याचा स्वतःचा कान असतो. एकसारखे वळण चालू राहिले, की अंतःकर्णातला द्रव त्या गतीशी जुळतो आणि आपण सरळ चाललो आहोत असे वाटू लागते. विमान सरळ केले, तर उलट बाजूला वळल्याचा भास होतो. लिंकची पेटी स्वतःभोवती फिरत असल्याने हा भास ती अंगात उतरवू शकत असे. देहाची साक्ष बाजूला सारून काट्यांवर विश्वास ठेवायचा, हे शिक्षण तिथे मिळे, आणि चुकले तरी जीव वाचे.

आता घरातल्या संगणकाकडे वळू. ब्रूस आर्टविकने ॲपल संगणकासाठी केलेले 1979 चे उड्डाण म्हणजे काही रेघा होत्या. 2020 सालच्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीत उपग्रहचित्रांवरून अवघी पृथ्वी उभी केली आहे. चित्र इतके देखणे झाले, की घोड्याचा स्वभाव विसरला जातो. सेसना 172 हे चार आसनांचे विमान घ्या. वैमानिकाच्या जागेवरून पाहता त्याचा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याने मागे लोटलेली हवा मळसूत्रासारखी विमानाला वेढत शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते; शेपूट उजवीकडे जाते, नाक डावीकडे. नाक वर उचलले, की उजवीकडून खाली येणारे पाते अधिक हवा कापते; ओढ पुन्हा डावीकडेच. म्हणून धावपट्टीवर पूर्ण जोर देताना उजव्या पायाने सुकाणू दाबत राहावे लागते. हा हट्टीपणा नकलेत उतरला, तर तिला मी वास्तव म्हणेन. खालची घरे, झाडे, नद्या नंतर. मात्र खुर्ची स्थिर असल्याने कानाची फसवणूक इथे होत नाही. त्या एका बाबतीत भात्यांची पेटीच सरस.

माझा नातू हे विमान लीलया उडवीत असे. पाहिले, तर सुकाणू आपोआप सांभाळण्याची सोय त्याने चालू ठेवली होती. ती बंद करायला लावली. विमान धावपट्टी सोडून डावीकडच्या गवतात शिरले. तो चिडला, आणि मग प्रथमच त्याने टेबलाखाली पायांसाठी काही मिळते का, अशी चौकशी केली.