पकड हवी तेवढीच
(मे महिन्यात गोदाकाठच्या व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

वारा सुटायची वाट बघत पटांगणात बसलेल्या श्रोतेहो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘स्पर्धेतल्या रोबोंची चाकं आणि रोलर’. मघाशी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, “रबराच्या तुकड्यावर तासभर बोलणार?” (हशा) आजोबा, मी तीस वर्षं अंबडच्या एमआयडीसीत रोलरवर रबर चढवलंय. जुना रोलर यायचा, झिजलेलं रबर काढायचं, नवं चढवायचं, घासून मापात आणायचं. ज्या शहरात नाशिकरोडला देशाच्या नोटा छापल्या जातात, तिथे रोलरचा विषय परका नाही. तास कमीच पडेल.

रोबोकॉन म्हणजे काय, हे इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना सांगायला नको. २००२ साली टोकियोत सुरू झालेली रोबोंची आशिया-पॅसिफिक स्पर्धा. २००८ आणि २०१४ साली पुण्यात झाली, २०२२ साली दिल्लीत. पुण्यात २००८ला विषय होता गोविंदा, दिल्लीत लगोरी. बाकीचं ज्यांना हवं त्यांनी शेजारच्या विद्यार्थ्याला विचारावं.

मी आलोय ते एक गोष्ट पटवायला. पकड जास्तीत जास्त नको, हवी तेवढीच हवी. गेली काही वर्षं मुलं माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न एकच: “काका, सगळ्यात जास्त ग्रिप कशाची?” मी विचारतो, कशावर? प्लायवर, रंगवलेल्या फळीवर, फ्लेक्सवर? रोलरने ओढायचा चेंडू प्लास्टिकचा की कापडी? मग मुलं एकमेकांकडे बघतात.

शाळेत आपण शिकलो की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, किती जागा टेकली याच्याशी त्याचा संबंध नाही. लाकडा-लोखंडाला हे बरंचसं लागू पडतं, रबराला नाही. रबर दबतं, समोरच्या पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरतं आणि तिथे चिकटून राहायला बघतं. म्हणून तेवढ्याच वजनाखाली जास्त जागा टेकली तर रबराची पकड बहुधा वाढते. आणि मध्ये धुळीचा पातळसा थर आला, तर चिकटायला समोर उरते ती धूळ. पकड रबरात नसते, ती दोघांच्या मध्ये असते.

आता माल. सायकलची ट्यूब सगळ्यात स्वस्त, रोलरवर ताणून चढते, चिकटवायची गरज नाही. सिलिकॉन मऊ, गुळगुळीत वस्तूला छान धरतं, पण एक चीर पडली की फाटत जातं. शिवाय त्याला ना सोल्युशन धरतं ना फेविक्विक, त्यामुळे त्याची नळीच घ्यायची आणि ताणून बसवायची. पॉलियुरेथेन झिजायला चिवट. हलक्या चेंडूला फोम बरा, तो चेंडूच्या आकारासारखा दबतो. चाकांना कन्व्हेअरचा खडबडीत पट्टा. अमेरिकेतल्या ‘फर्स्ट’ या रोबो स्पर्धेतली मुलं नायट्राइलचा तसा पट्टा वर्षानुवर्षं वापरतात. रबराचा कडकपणा शोअर ए या मापात सांगतात: खोडरबर ४०च्या आसपास, मोटारीच्या टायरचा पृष्ठभाग ६० ते ७०. मऊ म्हणजे चांगलं, असं मात्र धरून चालू नका. मऊ रबर लवकर झिजतं आणि मैदानातला सगळा कचरा अंगावर घेतं.

आमच्याकडे एक संघ आला होता, कॉलेजचं नाव सांगत नाही. त्यांचा रोलर चेंडू उचलेचना. ट्यूब नवी, मोटर नवी. मी रोलरवर अंगठा फिरवला, अंगठा पांढरा झाला. मुलांनी ट्यूब उलटी करून चढवली होती, आतली बाजू बाहेर, कारण ती जास्त गुळगुळीत दिसली. ट्यूबच्या आत शंखजिऱ्याची पावडर असते, रबर रबराला चिकटू नये म्हणून! एक थेंब साबण, ओला फडका, पाच मिनिटं वाळवणं. चेंडू उचलला गेला. ती मुलं त्याआधी चार रात्री प्रोग्राम तपासत होती.

पण त्याच मुलांनी पुढे उलटी चूक केली. चारही चाकांना मिळेल ते चिकट रबर लावलं. रोबो सरळ धावायचा, वळताना मात्र थरथरायचा, जागच्या जागी उड्या मारायचा. डाव्या-उजव्या चाकांच्या वेगातल्या फरकावर वळणाऱ्या गाडीची चाकं वळताना थोडी आडवी सरकावीच लागतात. सरकू दिली नाहीत तर सगळा ताण मोटरवर येतो, करंट चढतो आणि जळका वास येतो. पुढच्या दोन चाकांचं रबर आम्ही काढून टाकलं.

इथे मला मल्लखांब आठवतो. (मागून आवाज: “विषयावर या!”) विषयावरच आहे, ऐका. आपल्या सप्तशृंगी गडाची आख्यायिका आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान आव्हान घेऊन आले. बाळंभटदादा देवधरांनी मुदत मागितली, गडावर जाऊन उपासना केली आणि मारुतीने त्यांना लाकडी खांबावरची विद्या दाखवली, असं सांगतात. आख्यायिका म्हणून सोडून द्या हवं तर. पण खांब बघा. त्या खांबाला एरंडेल तेल चोळतात, आणि खेळाडू हाताला राळ लावतो. एक निसरडं, एक चिकट, आणि दोन्ही एकाच खेळात! नुसती राळ असती तर गिरकी घेताना कातडी सोलून निघाली असती. नुसतं तेल असतं तर वर चढताच आलं नसतं. मी लहानपणी तासन् तास बघत बसायचो. कसरतीच्या मधोमध अंग खांबावरून सरकायचं आणि पुढच्या क्षणी मांडीच्या विळख्यात खांब गच्च. वस्ताद राळेची चिमूट टाकायचे, बोटं चोळून बघायचे आणि म्हणायचे, “झाली, आता पुरे.” त्यांच्याकडे मापाचं यंत्र नव्हतं, चिमटीतलं माप होतं. रोलरचंही तेच. चेंडू आत ओढायला पकड हवी, पण पुढे सोडायलाही हवा ना? फेकणाऱ्या रोबोचा रोलर चेंडूला थोडा जास्त वेळ धरून राहिला, की नेम चुकतो.

संयोजकांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. (हशा) मी आणलेले बारा नमुने आता एकेक दाखवता येणार नाहीत, नायट्राइलच्या जातीही राहू द्या. एवढं मात्र सांगतो, कारण यासाठीच आलो होतो. भाजीवाल्याकडे असतो तसा ताणकाटा घ्या. स्पर्धेच्या मैदानाला जो रंग, जी फळी असेल तिचाच तुकडा मिळवा. रबराची पट्टी एका लाकडी ठोकळ्याला खालून लावा, वर २ किलो वजन ठेवा आणि काटा आडवा ओढा. सरकताना काटा दीड किलो दाखवत असेल तर पाऊण पट पकड. मग त्याच फळीवर चिमूटभर धूळ भुरभुरा आणि परत ओढा. दोन आकड्यांत जो फरक पडेल, तो वहीत लिहा. कोऱ्या फळीवर पहिला येणारा माल धुळीत तिसरा येतो, हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा पाहिलंय. रबर घ्यायचं ते धुळीचा आकडा बघून. आणि सामन्याला निघताना खिशात ओला फडका.

व्यासपीठाखाली टेबलावर फळ्या, ठोकळे, दोन ताणकाटे आणि बाराही नमुने मांडलेत. आजोबा, पहिली ओढ तुमची. फडका बादलीत भिजवून ठेवलाय, फळी आधी पुसून घ्या.